कोर्टाची पायरी



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याला नवी नाही. पोटगीच्या किंवा मारहाणीच्या केससाठी एखादीला सोबत म्हणून तालुक्याच्या कोर्टात जावं, तर कोणीतरी ती ऐकवतंच. पायरी चढून गेल्यावर आत कोण बसलेलं असतं, हा प्रश्न मात्र म्हण विचारत नाही. तो विचारणाऱ्या बायकांची आणि एका खेड्यातल्या कोर्टाची ही गोष्ट.

अमेरिकेत अलाबामा राज्यात लाउंड्स काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. हेनव्हिल हे तिचं मुख्य ठिकाण, पण गाव अगदी लहान. चौकात पांढरंशुभ्र कोर्ट. १८५०च्या दशकात ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधलेलं. दर्शनी बाजूला भक्कम खांब, आणि वरच्या मजल्यावर जायला बाहेरूनच जिने. हा ग्रीक घाट तेव्हा अमेरिकेत फार आवडीचा होता, कारण ग्रीस म्हणजे लोकशाहीचं माहेर. पण हे खांब उभे राहिले तेव्हा भोवतालच्या कापसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते. घाट लोकशाहीचा घेतला, लोकांना बाहेर ठेवलं.

शंभर वर्षांनीही फारसं बदललं नव्हतं. काउंटीत सुमारे ८० टक्के वस्ती काळ्यांची, पण १९६५च्या सुरुवातीला मतदार यादीत एकही काळं नाव नव्हतं. त्या मार्चमध्ये मतदान हक्काच्या मोर्चातल्या लोकांची गाडीतून ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो यांना इथल्या रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या तरुणाने रूबी सेल्स या १७ वर्षांच्या काळ्या मुलीला बाजूला ढकललं आणि तिच्यावर रोखलेली गोळी स्वतः झेलली. जिवे मारण्याच्या धमक्या येत असतानाही रूबीने या कोर्टात साक्ष दिली. समोर ज्यूरी बारा जणांची, बाराही गोरे पुरुष. आरोपी निर्दोष सुटला. लिउझोंच्या खटल्यात पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसरीने इथेच आरोपीला मोकळं केलं.

ज्यूरीत एकही बाई का नव्हती? अलाबामाच्या कायद्यानेच बाईला, मग ती गोरी असो वा काळी, ज्यूरीत बसायला मनाई होती. काळ्या पुरुषाला कायद्याने मनाई नव्हती, पण यादीत त्याचं नाव घातलंच जात नसे.

इथे काउंटीतल्या लोकांनी जे केलं ते आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. एका निकालावर हळहळत न बसता त्यांनी ज्यूरीची यादीच कोर्टात खेचली. अर्जदारांत पहिलं नाव गार्डेनिया व्हाइट या काळ्या बाईचं. वकिलांमध्ये पॉली मरे ही काळी विदुषी आणि सत्तरी ओलांडलेल्या डोरोथी केनियन. फेब्रुवारी १९६६मध्ये केंद्रीय न्यायालयाने निर्णय दिला, की काळ्यांना वगळणं आणि बायकांना वगळणं, दोन्ही घटनेतल्या समानतेच्या हमीविरुद्ध आहे. तरीही बायकांच्या बाबतीत कायदा बदलायला राज्याला जून १९६७पर्यंत मुदत दिली गेली. बाईने आणखी थोडं थांबावं, हे तिथेही! पण दार उघडलं. पुढे १९७१मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात रीड खटल्याचं निवेदन लिहिलं, तेव्हा त्यावर मरे आणि केनियन यांची नावं मुद्दाम घातली. ऋण मान्य करण्याची ही रीत आपणही उचलावी.

कोर्ट आजही तिथेच उभं आहे. खांब तेच, जिने तेच. बदलली ती आत कोणी बसायचं याची यादी.

आपल्याकडे फौजदारी खटल्यांत आता ज्यूरी नाही. पण बसण्याचा प्रश्न संपला का? पुढच्या तारखेला जाल तेव्हा जरा मोजा. न्यायासनावर, वकिलांच्या खुर्च्यांवर, कारकुनांच्या टेबलांशी बायका किती? तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईला टेकायला बाक आहे का? तिच्यासाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? मोजलेलं लिहून आम्हाला कळवा. बायकांनी कोर्टाची पायरी चढायचीच आहे. वर पोचल्यावर उभं किती वेळ राहायचं, तेही आता विचारू या.