बिनकामाच्या बाईची मुंबई

बाई मुंबईला जाते ती कामाला जाते. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी, लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर आझाद मैदानातल्या धरण्याला. आपल्या संघटनांमधल्या कार्यकर्त्या वर्षातून चार-चार वेळा जातात. पण दादर स्टेशन आणि बैठकीची खोली यापलीकडे अनेकींनी मुंबई पाहिलेली नसते. त्याच बैठकीला आलेला पुरुष कार्यकर्ता संध्याकाळी ‘जरा चक्कर टाकून येतो’ म्हणत बाहेर पडतो आणि रात्री अकराला परततो. त्याला कुणी काही विचारत नाही. ही चक्कर बाईच्या वाट्याला का येत नाही?

हा प्रश्न काढला की आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, ‘पाणी, रेशन, हुंडाबळी असे प्रश्न असताना हिंडण्या-फिरण्याचं काय घेऊन बसलीस? ही सुखवस्तू बायकांची चैन.’ मला हे मान्य नाही. घरातल्या मारहाणीच्या किती तक्रारी आपण लिहून घेतल्या आहेत! त्यांतल्या कितीतरी भांडणांचं पहिलं वाक्य एकच असतं : ‘कुठे गेली होतीस?’ बाईनं रस्त्यावर असण्याचा हिशेब दिलाच पाहिजे, हा नियम घरात हात उगारणाऱ्याचा आहे आणि शहराचाही तोच आहे. म्हणून ही चैन नव्हे, हा हक्काचा प्रश्न आहे.

एका बैठकीनंतर मी मुद्दाम तीन दिवस मुंबईत राहिले. काम काही नव्हतं. पहिली अडचण राहण्याची. एका लॉजवर ओळखपत्र दाखवलं, आगाऊ भाडं पुढे केलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘बरोबर कुणी जेन्ट्स नाही? सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही.’ असा कोणताही कायदा नाही. कायदा नसताना चालणारा हा नियम आहे आणि तो मोडल्याशिवाय मोडणार नाही. अखेर एका मैत्रिणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पथारी टाकली.

मग पायी हिंडले. शहर दाखवणारी पुस्तकं आपल्याला इमारती दाखवतात : कोणत्या साहेबानं बांधली, कोणत्या शेटजीनं पैसे दिले. बायांची मुंबई त्यात जवळजवळ नसतेच. गावदेवीत पंडिता रमाबाईंच्या नावाचा रस्ता आहे. विधवांना शिकवण्यासाठी त्यांनी शारदा सदन काढलं ते ११ मार्च १८८९ रोजी, इथून जवळच, चौपाटीला. पुढे ऑगस्ट क्रांती मैदान. तेव्हाच्या या गोवालिया टँकवर ९ ऑगस्ट १९४२ रोजी अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. एवढं सगळं पायी तासा-दोन तासांच्या टापूत आहे. आपल्या शिबिरांत आपण ही नावं घेतो, पण ती जागा पायांखालून जाऊ देत नाही.

लालबाग-परळ तर बायकांच्या कष्टावर चाललेलं. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. रिळिंग, वाइंडिंगच्या खात्यांत राबत होत्या. पुढे त्यांनाच आधी घरी पाठवलं गेलं. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगावची चूल विझत गेली. आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. जिच्या भाकरीवर हा भाग उभा राहिला, तिला तिथे विनाकारण बसायला एक बाक नाही.

आणि लघवीला जागा नाही. दिवसभर पाणी न पिता हिंडणं म्हणजे काय, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पुरुषांची मुतारी फुकट, बायकांकडून मात्र पैसे, याविरुद्ध मुंबईतल्या संघटनांनी २०११ साली मोहीम उभी केली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५मध्ये महानगरपालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची योजना करायला सांगितलं. निकाल हातात आहे. बाहेर पडणाऱ्या बाईच्या पोटातली कळ मात्र गेलेली नाही.

‘पण सुरक्षिततेचं काय?’ हा पुढचा प्रश्न. ऑगस्ट २०१३मध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती कामावर होती. सोबत पुरुष सहकारी होता. वेळ संध्याकाळची होती. म्हणजे ‘काम असेल तरच जा, एकटी जाऊ नको, वेळेत परत ये’ हे तिन्ही उपदेश तिथे फोल ठरले. ती जागा धोक्याची होती कारण ती ओसाड पाडलेली होती. मी रात्री दहाला निर्धास्त चालले ती भाजीवाल्या, वडापाववाले, फुलांच्या माळा ओवणाऱ्या बायका जिथे बसल्या होत्या त्या रस्त्यांनी. बायकांच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून याच फेरीवाल्यांना हटवायचं आणि फूटपाथ रिकामे करायचे, या कारस्थानात आपण सामील होता कामा नये.

कामाठीपुऱ्याकडे वळताना मला सांगण्यात आलं, ‘तिकडे जाऊ नका, लोक तुम्हाला तसली समजतील.’ आपल्या सगळ्या बंधनांचं मूळ या एका शब्दात आहे. ‘तसली’ बाई रस्त्यावर उभी राहते, म्हणून ‘चांगल्या’ बाईनं घाईघाईनं चालायचं. चांगलेपणाचा हा दाखला आपण मिरवतो तोवर रस्ता ना तिचा, ना आपला.

मात्र हिंडण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या दारात डोकावण्याचा हक्क नव्हे. धारावीत वेताच्या पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घालणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढणारे पर्यटक पाहिले. तिची गरिबी म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नाही. मी तिच्याशी बोलले तेव्हा तिनं पापडाचा दर सांगितला आणि मग मला विचारलं, ‘तुमच्या गावाकडं काय देतात?’ पाहुणीनं असं जावं की तिलाही प्रश्न विचारता यावेत.

तेव्हा मैत्रिणींनो, मागण्या स्पष्ट करू या. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्या लॉजविरुद्ध लेखी तक्रार करू या. २०१५च्या निकालाचं आमच्या शहरात काय झालं, हे प्रत्येक गटानं आपल्या महापालिकेला लेखी विचारावं. बाक, दिवे, मोफत स्वच्छतागृहं मागावीत आणि फेरीवाल्या बायकांच्या बाजूनं उभं राहावं. एक काम मात्र सरकारचं नाही, आपलं आहे. पुढच्या राज्यव्यापी बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्धा दिवस शहरात हिंडायला ठेवा. त्या त्या वस्तीतल्या बाईला मानधन देऊन तिची वस्ती तिच्याकडून समजून घ्या. उरलेला वेळ नुसतंच भटका. आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यापुढे कारण लिहू नका.