वेर्टर पाठ, पापागेनो अपरिचित

स्नेहसंमेलनात कोणती गाणी गायली जावीत हे ठरवणाऱ्या प्राध्यापक-समित्यांवर आम्ही वर्षानुवर्षे बसत आलो आहोत. तिथे विरहगीत चालते; मद्यगीतही ‘गझल’ या नावाखाली खपून जाते. मात्र जगणे नकोसे झाल्याविषयी एखाद्या मुलाने स्वतः बांधलेले गीत यादीत आले की त्यावर काट बसते. कारण ठरलेले: ‘नसते विचार मुलांच्या डोक्यात कशाला घालायचे?’ आमचा वाद या वाक्याशी आहे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे मानसोपचारातील अभ्यासांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. ज्याच्या डोक्यात तो असतो, त्याच्या डोक्यात तो समितीच्या परवानगीने शिरलेला नसतो.

साहित्याच्या प्राध्यापकांकडे या भीतीचा एक भारदस्त दाखला असतो: गटेचा वेर्टर. ही कादंबरी १७७४ साली आली. तिच्या नायकाचे अनुकरण होईल या भयाने लाइपझिगमध्ये १७७५ साली तिच्यावर बंदी आली. आणि १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने अनुकरणातून घडणाऱ्या आत्महत्यांना ‘वेर्टर परिणाम’ हे नाव दिले. हा परिणाम खरा आहे. मरणाला वलय देणारे, साधनांचे तपशील पुरवणारे गीत कोणी आणले तर काट मारायला आम्ही पहिले असू. परंतु हे अर्धेच ज्ञान झाले. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी ऑस्ट्रियातील वृत्तपत्रे तपासून उरलेला अर्धा भाग मांडला. जीव द्यावासा वाटूनही त्यातून सावरलेल्या माणसांचे वृत्तान्त छापून आले, तेव्हा आत्महत्या घटल्याचे त्यांना दिसले. याला त्यांनी ‘पापागेनो परिणाम’ म्हटले.

पापागेनो हा मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ (१७९१) या संगीतिकेतला पारधी. खादाड, बडबड्या, आपल्या संगीत नाटकातल्या विदूषकाचा सख्खा भाऊ शोभेल असा. प्रिया दुरावली म्हणून तो मरायला निघतो. पण आधी तीनपर्यंत मोजतो. तेवढ्यात कोणी थांबवील, ही आशा त्याला असते. एक, दोन, तीन. कोणी येत नाही. अगदी अखेरच्या क्षणी तीन मुले येतात आणि त्याच्याच जवळ असलेल्या घंटांची त्याला आठवण करून देतात. त्या वाजतात आणि प्रिया परतते. शेवट सोयीचा आहे, मान्य. आम्हांला मोलाचे वाटते ते हे मोजणे. आमच्या वर्गांत अशी किती मुले मनातल्या मनात मोजत असतील?

अमेरिकेत २०१७ साली लॉजिक या रॅप गायकाने एका गाण्याला शीर्षक म्हणून तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांकच दिला. जगण्याची इच्छा गमावलेला माणूस आधी बोलतो, मग फोन उचलणारा, आणि शेवटी तोच पहिला माणूस बदललेल्या स्वरात. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या गाण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते सर्वाधिक चर्चेत होते त्या ३४ दिवसांत मदतवाहिनीवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ दूरध्वनी अधिक आले आणि आत्महत्या २४५ने कमी नोंदल्या गेल्या. कार्यकारणाची हमी असा अभ्यास देत नाही. बोलण्यावरच सरसकट बंदी घालणाऱ्यांच्या हाती मात्र एवढेही नाही.

‘रॅप आपल्या मातीतले नव्हे’ हा पुढचा आक्षेप. मग जाते कोणाच्या मातीतले? सासरचा जाच, माहेरचा दुरावा, जीव विटल्याची भावना बाईने ओवीत सांगितली, कारण चारचौघांत सांगायची सोय नव्हती. लोकसाहित्याच्या तासाला ‘स्त्रीमनाचा हुंकार’ म्हणून टिपणे देणारे प्राध्यापक संध्याकाळी समितीत बसून विद्यार्थ्याच्या हुंकारावर काट मारतात, यातली विसंगती कोणालाच कशी खटकत नाही? कीर्तनकार तर अभंग मध्येच थांबवून निरूपण करतो. गाणे थांबवून बोलणे आम्हांला परके नाही.

त्याऐवजी आम्ही काय करतो? ‘हसत जगा’ छापाचे व्याख्यान ठेवतो. ज्याला हसू येत नाही त्याला त्या सभागृहात आपणच तेवढे नापास आहोत असे वाटून तो अधिकच गप्प होतो. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. (या मृत्यूंची मोजदाद आजही गुन्ह्यांच्या खात्यात होते. १८६०च्या दंडसंहितेतले ३०९वे कलम जायला २०२४चा जुलै उजाडावा लागला.)

आमची मागणी मोठी नाही. ते गीत यादीत राहू द्यावे. ते संपल्यावर सूत्रसंचालकाने लगेच विनोदी नाट्यछटा पुकारू नये. पंधरा मिनिटे ज्याला बोलायचे त्याला बोलू द्यावे. प्रशिक्षित समुपदेशक सभागृहात असावा, कारण दार उघडून आत कोणीच नसणे हे बंद दारापेक्षा वाईट. आणि देणगीदारांच्या नावांनी भरलेल्या त्या पडद्यावर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.