वज्रीवरचा मोर

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'पोट भरल्यावरच माणसाला सौंदर्य दिसते'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याने 'आधी पोटोबा, मग विठोबा' या म्हणीने सुरुवात केली आणि कष्टकऱ्यांच्या घरी कलेला जागा कुठली, असा सवाल करून टाळ्या घेतल्या. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या. मी माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून आले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. म्हणजे या विषयावर बोलण्याचा अधिकार त्या वक्त्यापेक्षा मलाच अधिक होता. पण त्या दिवशी मला त्याचे म्हणणे पटले. आज पटत नाही.

स्पर्धेनंतर महिन्याभराने आमची सहल पुण्याला गेली आणि शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय आम्ही पाहिले. संग्रहालय म्हटले की राजेरजवाड्यांच्या तलवारी, एवढीच माझी समजूत. इथे पाहावे तो अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, स्वयंपाकाची भांडी! दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी या वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हिंडता हिंडता एका कपाटापुढे माझे पाय थांबले. आत पितळी वज्र्या मांडल्या होत्या.

शहरातल्या मैत्रिणींना वज्री म्हणजे काय ते सांगावे लागेल. अंघोळीच्या वेळी टाचा घासायचे हे साधन. खालची बाजू खरखरीत, वर धरायला मूठ. काम एवढेच. पण आमच्या आजीच्या वज्रीवर मोर होता आणि तिच्या पोटात बारीक खडे असल्यामुळे घासताना ती खुळखुळत असे. टाच घासायला मोर कशाला? खुळखुळण्याची तरी काय गरज? काही नाही. ओतणाऱ्याला हौस आली, त्याने मोर केला. घेणारीलाही हौस होती, म्हणून तिने साधी न घेता मोराची घेतली.

'होती' म्हणाले, कारण आता ती वज्री आमच्याकडे नाही. मी आठवीत असताना दारावर मोडवाला आला. घरात मोठे कोणी नव्हते. ती काळी पडलेली जुनाट वस्तू मैत्रिणींनी पाहिली तर हसतील, असे मला नेहमी वाटे. मी ती मोडीत घातली आणि बदल्यात प्लॅस्टिकचा गुलाबी ब्रश घेतला. आजी रानातून आली, तिला सांगितले. "गेली व्हय? बरं," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती न्हाणीच्या दगडावर टाचा घासू लागली. ब्रशला तिने कधी हात लावला नाही.

काचेपलीकडच्या त्या वज्र्या पाहताना मला प्रथम शरम वाटली आणि मग वादविवादातले ते भाषण आठवले. पोट भरल्यावरच सौंदर्य दिसत असेल, तर आजीला ते दिसायलाच नको होते. 1972 च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. सुकडी खाऊन दिवस काढले, असे सांगते. पण फोडलेल्या दगडात एखादी चकाकणारी गारगोटी निघाली की ती ओच्यात टाकून घरी आणायची. आमच्या तुळशीभोवती त्या गारगोट्या अजून आहेत. मुकादमाच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य होती आणि आजीलाही त्यांचा उपयोग नव्हता. मग तिने त्या का आणल्या? मी विचारले तेव्हा म्हणाली, "बगायला बरं वाटतं."

आई थालीपीठ थापते तेव्हा तेल मुरावे म्हणून बोटाने भोके पाडते. मधे एक पाडले तरी काम भागते. पण धाकट्या भावाच्या थालीपिठाला ती दोन डोळे आणि एक तोंड काढते. तो आधी डोळे खातो. सकाळी उठल्यापासून बैलासारखी राबणारी ही बाई. तिला ही लहर त्या घाईत कुठून सुचते, कोण जाणे!

याचा अर्थ गरिबी सुंदर असते असा कोणी काढू नये. तसे कोणी म्हणाले की मला राग येतो. चांगले ब्लँकेट घेण्याची ऐपत नव्हती म्हणून आईने गोधडी शिवली आणि शिवताना तिची बोटे सोलली. पण तिला नुसते पांघरूणच करायचे असते, तर तुकडे कसेही जोडून भागले असते. तिने माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा कोपऱ्यांना घेतला, लग्नातल्या साडीचा लाल तुकडा मधोमध ठेवला आणि कडेपासून आत आत चौकोनी टाके घालत आणले. गरज भागल्यावर वर जे उरते ते तिचे स्वतःचे आहे, गरिबीचे नव्हे.

आणि ही गोधडी मी काय केली? वसतिगृहात पहिले तीन महिने तिच्यावर चादर घालून झाकून ठेवली. माझ्या मते खरा धोका इथे आहे. पोट रिकामे असताना टिकलेली हौस आमच्यासारखी पहिल्या पिढीची शिकलेली मुले लाजेपायी मोडीत घालतात. वारली बायका लग्नघरी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढीत, तोवर ती नुसती रीत होती. ते चित्र कागदावर आले, देशोदेशी गेले, जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण तिला कला म्हणू लागलो. मशे यांचा सन्मान रास्तच होता. पण दर वेळी दुसऱ्याने सांगेपर्यंत आपण का थांबावे?

स्नेहसंमेलनात दरवर्षी रांगोळी आणि सॅलड सजावटीच्या स्पर्धा होतात. (काकडीची बदके करण्याला माझा विरोध नाही.) यंदा त्या दालनात आणखी एक टेबल ठेवावे, अशी माझी सांस्कृतिक विभागाला विनंती आहे. प्रत्येकाने घरातली एक रोजच्या वापराची वस्तू आणावी आणि तिच्यापुढे ती करणाऱ्याचे वा वापरणाऱ्याचे नाव लिहावे. स्पर्धा नको, क्रमांक नकोत. मी गोधडी आणीन आणि आईचे नाव मोठ्या अक्षरांत लिहीन. आजीच्या नावाची चिठ्ठीही लिहीन, पण तिच्यापुढे ठेवायला माझ्याजवळ काही नाही.