दातांची पेरणी लहानपणीच



एखाद्या मजुराचे दात चाळिशीतच किडलेले दिसले की आपण म्हणतो, "आळशी माणूस, दात घासत नसेल." हा निवाडा घाईचा आहे.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांच्या प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. ती २६ वर्षांची झाल्यावर काय आढळले, ते २००२ साली प्रसिद्ध झाले. सुस्थितीतील घरांच्या तुलनेत गरीब घरांत वाढलेल्यांमध्ये दातांची कीड आणि हिरड्यांचे रोग सुमारे तिपटीने अधिक होते. पुढे ज्यांची परिस्थिती सुधारली, त्यांचेही जुने नुकसान भरून निघाले नव्हते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. कायमची पहिली दाढ सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे येते. पुष्कळ आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून दिली जाते. दातावरचे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. हंगामात चुकलेली पेरणी पुढच्या पावसाने भरून येत नाही, तसेच हे.

आता आपल्या बडोद्याच्या शिवारात पाहा. आई कापूस वेचते, बांधावरचे मूल रडू नये म्हणून हातात बिस्कीट किंवा गोड चहा. घरात मोठी माणसे तंबाखूची बजर दातांना लावतात, मूल तेच शिकते. दाढ दुखली तरी दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. यात आळस कुठे आला?

म्हणून नुसता उपदेश पुरे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गरिबाचे मूल गाठण्याची जागा आजही शाळाच आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते, त्यात दातही येतात. आपल्या गावी पथक कधी येणार, हे शिक्षकांना विचारा. मजुरांच्या मुलांना त्या दिवशी शेतावर ठेवू नका.

ज्यांच्याकडे मजूर आहेत त्यांनी आणखी एक करावे : मुलाची दाढ दाखवायला निघालेल्या आईची त्या दिवसाची मजुरी कापू नये. एका दिवसाच्या मजुरीत एक दाढ जन्मभर टिकत असेल, तर हा सौदा महाग नाही.