कॅमेरा खिशात, मान मोकळी

ऑफिसात ‘मी डीएसएलआर विकला’ असं जाहीर करून बघा. लोक अशा नजरेने बघतात, जणू तुम्ही राहता फ्लॅट विकलाय. ‘का गं, ईएमआय जड जातोय?’, ‘फोटोग्राफी सोडलीस?’, ‘आता काय, रील्स?’ आणि एखादा बेरकी माणूस चहा ढवळता ढवळता हळूच विचारतो, ‘कितीला दिलास?’

तर मंडळी, फोटोग्राफी सोडलेली नाही. ओझं सोडलंय. हिशेब अगदी साधा आहे. माझा निकॉन डी-७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम. २४-१२० मिमीची लेन्स ७१० ग्रॅम. लग्नात आणि भिगवणला मिरवायची ७०-२०० मिमी एफ २.८ तब्बल १५४० ग्रॅम. वर ५० मिमीची चिमुकली लेन्स १८५ ग्रॅम. बेरीज सव्वातीन किलो! बॅग, चार्जर आणि डबा यात धरलेला नाही. लॅपटॉप पाठीवर आणि हे सगळं पोटाशी घेऊन सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात कुणी चढून दाखवावं, मी टाळ्या वाजवीन.

डीएसएलआरला नावं ठेवायला मी बसलेली नाही हं. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला आणि हौशी लोकांसाठी या कॅमेऱ्याचं दार उघडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे पहिली नोकरी, पहिला बोनस आणि पहिला डीएसएलआर असा क्रमच ठरून गेला. कास पठार, कोकणकडा, विसर्जनाची मिरवणूक... जिथे बघावं तिथे गळ्यात काळा पट्टा. अॅपर्चर, शटर, आयएसओ हे त्रिकूट मला त्यानेच शिकवलं. पण तो प्रसंगाचा कॅमेरा आहे. पैठणीसारखा. पैठणी सुंदरच असते, पण ती नेसून कुणी भाजी आणायला जात नाही.

शिवाय पैठणी कपाटात निदान टिकते तरी. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात कोंडलेल्या लेन्सला बुरशी लागते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की दुकानदार भाव निम्म्यावर आणतो. तेव्हा विकायचाच असेल, तर जूनच्या आधी विका. आणि तोपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा.

धाप लागली म्हणून...

गंमत म्हणजे लहान कॅमेऱ्याची कल्पना मुळात ओझ्याच्या वैतागातूनच जन्मली. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला दमा होता आणि डोंगरात फिरायची हौस होती. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे घेऊन चढण चढायची म्हणजे शिक्षाच. त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरून हातात मावेल असा कॅमेरा बनवला. १९१४ पर्यंत नमुना तयार होता. मध्ये महायुद्ध झालं आणि १९२५ साली तो ‘लायका’ नावाने बाजारात आला. पुढचं शतकभर रस्त्यावरची फोटोग्राफी त्या लहानपणावर जगली.

याच्या उलट आपल्या होमाई व्यारावाला. साडी नेसून, अवजड कॅमेरे घेऊन दिल्लीभर सायकलवर फिरल्या. त्यांना साष्टांग नमस्कार! पण ते त्यांचं रोजचं काम होतं. माझं रोजचं काम एक्सेलमध्ये आहे. कॅमेऱ्याने माझ्या दिवसात शिरायचं असेल, तर त्यानेच अंग चोरायला हवं.

‘मग फोन आहे की!’ हे तुम्ही म्हणणारच. बरोबर आहे. फोन उत्तम फोटो काढतो आणि रात्रीच्या फोटोत तर भल्याभल्यांना लाजवतो. बाजारानेही तोच कौल दिलाय. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली ८० लाखसुद्धा नाही. तुम्हाला फोन पुरत असेल, तर हे पान उलटा आणि पैसे वाचवा. मला पुरत नाही याची दोन कारणं. एक, फोटो काढायला फोन काढला की व्हॉट्सअॅपवर बॉस दिसतो. दोन, फोन सावल्या उजळतो, चेहरे गुळगुळीत करतो. संध्याकाळ ही संध्याकाळच दिसावी एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

आधी पर्स, मग मेगापिक्सेल

कॉम्पॅक्ट निवडताना लोक पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारतात. मी म्हणते, पहिला प्रश्न खिशाचा. तो कॅमेरा राहणार कुठे? मुलांचं ठीक आहे, कार्गो पँटमध्ये अख्खा संसार मावतो. आमच्या कुर्त्याला खिसा असला तरी तो रुमालापुरता. म्हणून माझी परीक्षा सोपी होती : रोजच्या पर्समध्ये, डबा आणि छत्री न काढता, जाईल तो कॅमेरा. त्याच्यासाठी वेगळी बॅग घ्यावी लागली, की तो पुन्हा प्रसंगाचा झालाच.

दुसरा प्रश्न तुमच्या जुन्या फोटोंना विचारायचा. प्रत्येक डिजिटल फोटोत तो किती मिमीवर काढला याची नोंद असते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती चाळून बघा. माझा कॅमेरा फुल फ्रेम होता, म्हणून आकडा जसाच्या तसा. तुमचा लहान सेन्सरचा असेल, तर निकॉनला दीडने आणि कॅननला १.६ ने गुणा. म्हणजे निकॉनच्या किट लेन्सवरचे १८ मिमी हे खरे २७ होतात. माझ्या फोटोंत ७०-२०० च्या वाट्याला फक्त बगळे आणि मैत्रिणींच्या बहिणींची लग्नं होती. मला स्वतःला आवडणारे फोटो जवळपास सगळे ३५ ते ५० च्या मधले निघाले. एवढ्यावर माझी निम्मी निवड झाली!

तिसरा प्रश्न, काय सोडायची तयारी आहे? लहान आकार, मोठा सेन्सर आणि लांब झूम या तिघांतले दोनच मिळतात. कारण जादू नाही, भूमिती आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी साधारण ३६७. ‘एक इंची’ म्हणून मिरवणारा जेमतेम ११६. (या नावाला फसू नका. त्याची एकही बाजू इंचभर नसते. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या बाहेरच्या मापावरून हे नाव चिकटलंय.) आणि जुन्या स्वस्त कॉम्पॅक्टमधला सेन्सर अवघा २८ चौरस मिमी. सेन्सर जितका मोठा, तितकी त्याच्यापुढची झूम लेन्सही मोठी. मग खिसा गेला!

तीन घराणी

या हिशेबाने बघितलं तर निवड तीन घराण्यांवर येते.

पहिलं झूमवाल्यांचं. सोनीचा आरएक्स-१०० २०१२ साली आला तेव्हा २४० ग्रॅममध्ये एक इंची सेन्सर ही कमालच होती. २०१९ चा सातवा अवतार ३०२ ग्रॅमचा आणि झूम थेट २४ ते २०० मिमी. सहलीला एकच कॅमेरा, मुलांचं गॅदरिंग शेवटच्या रांगेतून, असं तुमचं गणित असेल तर हाच. फक्त प्रकाशाचं भान ठेवा. झूम ताणला की छिद्र बारीक होतं. पहिल्या आरएक्स-१०० चं एफ १.८ हे झूमच्या टोकाला एफ ४.९ व्हायचं, म्हणजे प्रकाश जवळजवळ सातवा हिस्सा. सातव्यातही टोकाला एफ ४.५ आहेच. दुपारी काही कळत नाही, रात्रीच्या मिरवणुकीत कळतं.

दुसरं घराणं फुजीच्या एक्स-१०० चं. २०२४ चा एक्स-१००व्हीआय म्हणजे एपीएस-सी सेन्सर, ४० मेगापिक्सेल, ३५ मिमीचा अँगल, एफ २ लेन्स आणि डोळा लावायला खरा व्ह्यूफाइंडर. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही तेव्हा त्या खिडकीची किंमत कळते. देखणा तर इतका की आधीचा एक्स-१००व्ही २०२२-२३ मध्ये सोशल मीडियामुळे दुकानांतून गायब झाला होता. पण वजन ५२१ ग्रॅम आणि किंमत लाखाच्या बरीच पुढे. तो खिशात जात नाही, खांद्यावर बसतो.

तिसरं रिकोच्या जीआरचं. २०१९ चा जीआर-थ्री २५७ ग्रॅमचा, तोच एपीएस-सी सेन्सर, २८ मिमी. २०२१ चा थ्री-एक्स तसाच, फक्त ४० मिमी. २०२५ मध्ये जीआर-फोर आला. यात झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, थ्री आणि थ्री-एक्समध्ये फ्लॅशही नाही, आणि बॅटरी दोनशे फोटोंच्या आसपास मान टाकते. दिसायला तर साबणाच्या वडीसारखा. पण सुरू व्हायला सेकंदभरही लागत नाही, आणि ‘स्नॅप फोकस’वर अंतर आधीच ठरवून ठेवलं की बटण दाबताच फोटो.

मी थ्री-एक्स घेतला. माझ्या जुन्या बॅगेच्या वजनात असे बारा बसतील.

सगळ्यांना एक सामाईक दुखणं, धूळ आणि पाऊस. लेन्स आत-बाहेर करणारा कॅमेरा आपल्या रस्त्यांवरची धूळही आत ओढतो. छोटी झिपवाली पाऊच आणि रोज पुसायची सवय हवीच. फुजीला पावसापासून जपायला वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो. तुमचा जीव पावसाळी ट्रेक आणि समुद्रातच रमत असेल, तर सरळ ओएम सिस्टिमच्या टीजी-७ सारखा वॉटरप्रूफ घ्या. सेन्सर लहान, पण १५ मीटर पाण्यातही धडधाकट. आणि खरेदीला बोरा बाजारात जाल, तेव्हा बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागा. ‘इंपोर्टेड पीस आहे मॅडम’ हे वाक्य ऐकलं, की दुरुस्तीचा खर्च मनात मिळवून मगच भाव करा.

गॅलरीतली कोथिंबीर

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्या आईबाबांची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोल्या रिकाम्या होण्याआधीचे चार महिने मी जवळजवळ रोज तिथे जात होते, ऑफिसातून परस्पर. एरवी गॅलरीत मोठा कॅमेरा काढला की शेजारच्या आजी म्हणायच्या, ‘थांब गं, लुगडं बदलून येते.’ मग त्या खुर्चीत ताठ बसायच्या, हात मांडीवर, आणि चेहरा पासपोर्टचा. ते फोटोही माझ्याकडे आहेत, छान आहेत. छोटा कॅमेरा बघून मात्र त्या म्हणाल्या, ‘हे काय, खेळणं?’ आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागल्या. त्या कोथिंबिरीचा, कठड्यावर वाळत घातलेल्या पंचाचा, लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्याचा, जिन्यातल्या मीटरच्या जंजाळाचा फोटो मला मिळाला. अरुंद गॅलरीत कधी कधी २८ मिमी हवी होती असं वाटलं. पण हातांना आणि चेहऱ्यांना ४० अगदी बरोबर होती. आता तिथे पत्रे ठोकलेत आणि क्रेन उभी आहे. आजी डोंबिवलीला मुलाकडे असतात. त्यांच्या नातवाने मागून घेतला तो कोथिंबिरीचाच फोटो.

एक मात्र बजावून सांगते. लहान कॅमेरा म्हणजे चोरून फोटो काढायचा परवाना नव्हे. आजींना मी विचारलं होतं. लेडीज डब्यात तर दमून झोपलेल्या बाईवर कॅमेरा रोखायचाच नाही, मग तो कितीही आवाज न करणारा असो. कुणी नको म्हणालं की ‘सॉरी’ म्हणायचं आणि फोटो डिलीट करून दाखवायचा.

आणि पैसे मोजायच्या आधी एक फुकटचा प्रयोग. सध्याच्या कॅमेऱ्याची झूम रिंग चिकटपट्टीने एका आकड्यावर बांधून टाका. आधी २८, मग ३५, मग ४०. (लहान सेन्सर असेल तर वरचा भागाकार विसरू नका, निकॉनवर २८ साठी साधारण १८-१९ वर बांधायची.) प्रत्येकीला एक आठवडा द्या. ज्या आठवड्यात चिकटपट्टी काढावीशी वाटली नाही, तो तुमचा कॅमेरा. आणि तीन आठवड्यांत ती बॅग घराबाहेर निघालीच नाही, सगळे फोटो फोनवरच निघाले तर? मग काय, त्या पैशात एक झकास ट्रिप करा. आणि जाण्याआधी घरी आई पोळ्या लाटत असेल, तिचा एक फोटो तेवढा काढून ठेवा.