चित्र लहान करण्याची घाई आणि शहाणपण

काम लवकर व्हावें अशी इच्छा सर्वांनाच असते. परंतु तें लवकर उरकण्याचे मार्ग दोन आहेत. एक, अधिक बळ लावणें. आणि दुसरा, जें करण्याचें कारणच नाहीं तें न करणें. गणिताच्या तासाला हा भेद मीं पुष्कळदां सांगितला आहे. पण त्याची खरी किंमत मला गतवर्षीं स्नेहसंमेलनानंतर कळली.

संमेलनाचीं ४० छायाचित्रें शाळेच्या संकेतस्थळावर ठेवण्याचें काम मजकडे होतें. प्रत्येक चित्र सुमारें ४ मेगाबाइटचें. मीं तीं जशींच्या तशीं चढविलीं. दोन दिवसांनीं एका विद्यार्थ्याची आई भेटली. "सर, बक्षीस घेतांना पोराचा चेहरा दिसला नाहीं, डेटा मात्र संपला," असें ती म्हणाली. चूक माझी होती. मग सर्व्हरनेंच चित्रें लहान करून द्यावीं अशी योजना केली, तर सर्व्हर धापा टाकूं लागला. कारण प्रत्येक पाहणाऱ्यासाठीं तीच लहान प्रत नव्यानें तयार होत होती. मोठा सर्व्हर घ्यावा, असा सल्ला मिळाला. मला तो तेव्हां पटला नाहीं व आजही पटत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, थोडा हिशेब करूं. ४००० रुंद व ३००० उंच अशा चित्रांत १ कोटी २० लक्ष पिक्सेल असतात. प्रत्येकास ३ बाइट धरल्यास, चित्र उघडतांच ३ कोटी ६० लक्ष बाइट जागा लागते. फोनवर ४०० बाय ३०० चें चित्र पुरतें, म्हणजे अवघे १ लक्ष २० हजार पिक्सेल. एका पोत्याच्या पिठासाठीं शंभर पोतीं दळण्यासारखेंच हें झालें!

पण जेपेग या पद्धतीची (हिचें प्रमाण १९९२ सालीं ठरलें) रचना मोठी सोयीची आहे. तींत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकांतील ठळक भाग व बारकावे वेगवेगळे नोंदलेले असतात. म्हणून बारकावे सोडून चित्र एकदम निम्म्या, चौथ्या किंवा आठव्या हिश्शानें उघडतां येतें. आपलें चित्र चौथ्या हिश्शानें उघडलें तर तें १००० बाय ७५० चें, म्हणजे साडेसात लक्ष पिक्सेलांचें होतें. मूळच्या सोळाव्या भागाइतकें. फाईल शेवटपर्यंत वाचावी लागतेच, त्यामुळें श्रम सोळापट घटत नाहींत. तरी पुष्कळच घटतात.

येथून ४०० बाय ३०० वर येतांना मात्र सावध राहावें. मधले पिक्सेल नुसते गाळून टाकणें हें सर्वांत जलद; पण तसें केल्यास फलकावरील बारीक अक्षरें तुटतात. शेजारच्या पिक्सेलांची योग्य प्रमाणांत सरासरी काढणें हा प्रामाणिक मार्ग. प्रत्येक नव्या पिक्सेलासाठीं १५ बाय १५ चा चौकोन घेतला, तर एकंदर २ कोटी ७० लक्ष गुणाकार होतात. तेंच आधीं आडवें व मग उभें केलें, तर ६३ लक्षांत भागतें. आणि चित्र तेंच! हे गुणाकार रंगाच्या एका थरापुरते धरले आहेत.

लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्रांच्या प्रचंड प्रतिमा हाताळण्याच्या खटपटींतून वाढलेलें 'लिबव्हिप्स' हें साधन असल्याच काटकसरीनें चालतें. तें संपूर्ण चित्र एकदम स्मृतींत न घेतां तुकड्यातुकड्यानें काम करतें व तें काम संगणकाच्या अनेक गाभ्यांत वांटून देतें.

कोणी म्हणेल, यंत्र स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग. मग एवढी चिकित्सा कशाला? ज्या वृत्तपत्राकडे रोज हजारों नवीं चित्रें येतात, त्यास यंत्रें वाढवावीं लागतील, हें मला मान्य आहे. परंतु आमचीं चित्रें ४०! तेथें बळ वाढविणें म्हणजे गळक्या घागरीसाठीं विहीर रुंद करणें होय. माझे चार तास एकदांच खर्च झाले. उलट, उधळपट्टी चालू ठेवली असती तर तिचा भार प्रत्येक घरावर, प्रत्येक वेळीं पडला असता. थेंबें थेंबें तळें साचतें, तसें थेंबें थेंबें आटतेंही.

तेव्हां माझ्या मतें क्रम असा असावा: एकदां केलेली प्रत जपून ठेवावी, गरजेपेक्षां मोठें चित्र उघडूं नये, हिशेब सुटसुटीत करावा, आणि एवढें करूनही भागलें नाहीं, तरच नवें यंत्र मागावें. आम्हीं याच क्रमानें गेलों. सर्व्हर जुनाच आहे. त्या माउलीनें मुलाचा चेहरा पाहिला, आणि त्याच्या हातांतील प्रशस्तिपत्रावरचें नांवही तिला वाचतां आलें.