भूसंपादनाची दाद कोणाच्या दारी मागायची?

येरमाळा हे कळंब तालुक्यातले रहदारीचे गाव. येडेश्वरीच्या दर्शनाला येणारे भाविक, बार्शी-कळंब रस्त्यावरच्या गाड्या आणि सोलापूर-धुळे महामार्गावरचे ट्रक यांच्यावर इथली हॉटेले, गॅरेजे व पंक्चरची दुकाने चालतात. रस्ता रुंद झाला की धंद्याला बरकत येते हे खरे. पण तो रुंद होतो कोणाच्या तरी शेतातून आणि कोणाच्या तरी दुकानावरून. मग नोटीस येते, निवाडा होतो आणि आकडा पाहून माणूस हबकतो. घाईघाईने चुकीच्या ठिकाणी दावा लावला जातो, वर्षे निघून जातात आणि खरी मुदत टळून जाते. म्हणून आपल्या व्यापारी व शेतकरी बांधवांनी ही वाट आधीच समजून घ्यावी.

पहिली गोष्ट, संपादनच बेकायदा आहे अशी तक्रार असेल तर ती साध्या दिवाणी दाव्याने चालत नाही. बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे स्पष्ट केले. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. आपल्या जिल्ह्याला औरंगाबाद खंडपीठ आहे.

दुसरी तक्रार मोबदला कमी मिळाल्याची. इथे वाटा फुटतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवून घेता येते. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याला त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत आहे. या प्राधिकरणावर जिल्हा न्यायाधीश किंवा किमान सात वर्षांचा अनुभवी वकील बसतो. त्याच्यावर उच्च न्यायालयात अपील होते. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन गेली, तर मात्र केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावे लागते. हा लवाद बहुतेक ठिकाणी महसूल खात्याचाच वरिष्ठ अधिकारी असतो. त्याचा निर्णय पटला नाही तर जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांत अर्ज करायचा. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस मिळतात, पुढे एक दिवसही नाही.

बरे, जिल्हा न्यायाधीशांपुढे गेल्यावर तरी आकडा वाढतो का? तमिळनाडूच्या एका महामार्ग प्रकरणात जमिनीला चौरस मीटरला ४६ ते ८३ रुपयांच्या दरम्यान भाव दिला गेला होता आणि लवाद असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनीही तो वाढवला नाही. जिल्हा न्यायालयाने तो ६४५ रुपये केला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालयाला लवादाचा निवाडा रद्द करता येतो, बदलता येत नाही. त्या शेतकऱ्यांना मिळालेली वाढ कायम राहिली, पण नियम सर्वांना लागू झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी घटनापीठाने थोडा फेरबदल करण्याची मुभा दिली. तरी पुरावा नव्याने तोलून भाव ठरवण्याचे अपिलासारखे अधिकार न्यायालयाला मिळालेले नाहीत. म्हणजे निवाडा रद्द झाला तर फिरून लवादाकडेच!

आमचे म्हणणे असे की हा भेद न्यायाचा नाही. मोबदल्याचे माप १ जानेवारी २०१५ पासून महामार्गालाही २०१३ च्या कायद्याचेच लागू झाले आहे. मग दाद मागण्याचे दार वेगळे का? एकाच शिवारात एकाचे शेत तलावाला गेले आणि शेजाऱ्याचे महामार्गाला, तर पहिल्याला न्यायाधीशासारखा माणूस आणि दुसऱ्याला महसुली अधिकारी, हे कसे चालेल? नागपूर सुधार प्रन्यासाच्या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की जमीन कोणत्या कायद्याने घेतली यावर मोबदल्यात दुजाभाव करता येणार नाही. त्याच न्यायाने २०१९ साली महामार्गाच्या जमीनधारकांना दिलासा रक्कम व व्याज मिळाले. रकमेतला दुजाभाव गेला, दारातला उरला आहे. संसदेने कायदा सुधारून महामार्गाचे मोबदल्याचे वादही न्यायिक प्राधिकरणाकडे द्यावेत.

भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पैसे मालकाच्या नावे आले आणि आपलाही त्यात हिस्सा आहे असा वाद उभा राहिला, तर महामार्ग कायद्याखाली तो वाद भूसंपादन अधिकाऱ्याने मिटवायचा नाही. तो प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा असतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मऊच्या प्रकरणात हेच बजावले. म्हणून भाडेपट्टा, भाड्याच्या पावत्या, वीजबिल, ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या जपून ठेवा. कागद नसेल तर न्यायालयही हात टेकते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर नोटिशीवर कोणता कायदा लिहिला आहे ते आधी वाचा, निवाड्याची नक्कल तारखेसह घ्या आणि २०१३ च्या कायद्याखालची रक्कम उचलताना 'हरकत राखून' असे लेखी नोंदवा; नाहीतर वाढीव मागणीचा हक्कच जातो. जमीन एकदाच जाते. तिचा रास्त दाम मागण्याची संधीही बहुधा एकदाच मिळते.